पोहण्याचा पट्टा आणि केडगावची फळबाग

१९ सप्टेंबर १८५३ रोजी ‘डम्फ्रीज’ नावाचे शिडाचे जहाज लिव्हरपूलहून शांघायकडे निघाले. त्यावर हडसन टेलर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. थोडेफार वैद्यक शिकलेला आणि चीनमध्ये ख्रिस्ताचा संदेश सांगायला निघालेला. जहाज मोकळ्या समुद्राला लागण्याआधीच वादळाने त्याला वेल्सच्या खडकाळ किनाऱ्याकडे रेटले. आता फुटणार, असे सगळ्यांना वाटू लागले. टेलरजवळ पोहण्याचा एक पट्टा होता. आईच्या जिवाला घोर नको म्हणून त्याने तो बरोबर घेतला होता. पण त्या रात्री त्याच्या मनाला टोचणी लागली. पट्टा अंगाला बांधला तर देवावरचा भरवसा कुठे राहिला? त्याने पट्टा दुसऱ्याला देऊन टाकला आणि मग कुठे त्याला स्वस्थ वाटले.

पुढची गोष्ट टेलरने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे, आणि ती फार मजेशीर आहे. पट्टा दिल्यावर मन शांत झाले, तरी हा गृहस्थ जहाजावरच्या हलक्या, तरंगतील अशा वस्तू गोळा करून बांधायला लागला! आपल्या दोन वागण्यांत काही विसंगती आहे, हे त्या वेळी त्याच्या ध्यानातही आले नाही. वारा फिरला, जहाज वाचले आणि १ मार्च १८५४ रोजी टेलर शांघायला उतरला. नंतर विचार केल्यावर त्याला आपली चूक उमगली. साधने वापरल्याने विश्वास कमी होत नाही, आणि विश्वास आहे म्हणून साधने टाकायची नसतात, असे त्याचे मत झाले. तो मत सांगून थांबला नाही. १८६५ मध्ये त्याने ‘चायना इनलँड मिशन’ स्थापन केले. त्यातल्या कार्यकर्त्यांना ठरलेला पगार नव्हता आणि पैशांसाठी कुणापुढे हात पसरायला मनाई होती.

माणसाने स्वतःच्या बळावर किती उभे राहायचे आणि देवावर किती टाकायचे, हा प्रश्न ख्रिस्ती जीवनात पहिल्यापासून आहे. मराठी माणसाला तो परका नाही. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणणारे आपणच आणि ‘दे रे हरी खाटल्यावरी’ म्हणून आळशाची टर उडवणारेही आपणच. ‘जे स्वतःला मदत करतात त्यांना देव मदत करतो’ हे इंग्रजी वचन तर पुष्कळ ख्रिस्ती लोक बायबलातलेच समजतात. ते बायबलात कुठेही नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगवजा वार्षिकात ते छापले आणि तेव्हापासून ते जास्त पसरले. कल्पना त्याहूनही जुनी, पार इसापाच्या गोष्टींपर्यंत जाणारी.

बायबल या बाबतीत सरळ एका बाजूला झुकत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहायला सांगतो आणि उद्याची चिंता सोडायला लावतो. नीतिसूत्रांत मात्र आळशाला मुंगीच्या शाळेत धाडले आहे, कारण ती उन्हाळ्यातच बेगमी करते. अरण्यातला मान्ना रोज पडे आणि रोजच्या पुरताच गोळा करायचा असे. साठवला की त्यात किडे पडत. पण तो गोळा करायला पहाटे तंबूबाहेर जावे लागेच. पौल प्रेषित असूनही करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होता, आणि काम न करणाऱ्याने जेवायलाही बसू नये, असे त्याने थेस्सलनीकाच्या मंडळीला खडसावले. यरुशलेमची तटबंदी बांधणाऱ्या नहेम्याने शत्रू चालून येणार असे कळताच प्रार्थना केली आणि लगेच रात्रंदिवसाचा पहाराही बसवला. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले, तेव्हा त्याने देवाची परीक्षा पाहायला नकार दिला. पट्टा देऊन टाकणाऱ्या टेलरला हा शेवटचा प्रसंग आधी आठवला असता, तर त्याची ती रात्र बरी गेली असती.

ज्या माणसाच्या मार्गावर टेलर चालला, तो ब्रिस्टलचा जॉर्ज म्युलर. १८०५ मध्ये प्रशियात जन्मलेला हा मुलगा लहानपणी बापाचे पैसे चोरायचा, आणि खानावळीचे बिल न भरल्याबद्दल सोळाव्या वर्षी तुरुंगातही जाऊन आला. विद्यार्थी असताना त्याचे मन पालटले. तो इंग्लंडात आला आणि एका लहानशा मंडळीचा पाळक झाला. त्या काळी उपासनामंदिरातली बाकडी भाड्याने दिली जात आणि त्या भाड्यातून पाळकाचा पगार निघे. पैसेवाला पुढे बसणार आणि गरीब मागे. म्युलरने १८३० मध्ये हा पगारच सोडला. १८३६ मध्ये त्याने ब्रिस्टलला भाड्याच्या घरात अनाथाश्रम सुरू केला. त्याचे नियम सांगायला सोपे आणि पाळायला महाकठीण होते. कुणाकडे पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही आणि जी गरज असेल ती फक्त देवाला सांगायची.

१८४९ मध्ये अॅश्ली डाउन या टेकाडावर आश्रमाची पहिली मोठी इमारत उभी राहिली. १८७० पर्यंत तिथे पाच इमारती झाल्या आणि २०५० मुलांची सोय झाली. म्युलरच्या हयातीत सुमारे दहा हजार अनाथ मुले तिथे वाढली. सगळ्या कामांसाठी मिळून जवळजवळ पंधरा लाख पौंड त्याच्या हातून गेले. १८९८ मध्ये तो वारला तेव्हा घरातल्या सामानासह त्याच्या नावावर सुमारे १६० पौंडांची मालमत्ता निघाली.

म्युलरची एक गोष्ट देवळांतून नेहमी सांगतात. न्याहारीला काहीच नाही, मुले रिकाम्या ताटांपुढे बसली आहेत, म्युलर आभाराची प्रार्थना करतो आहे आणि तेवढ्यात दाराशी पाववाला येतो. गोष्ट ऐकायला छान आहे. पण या माणसाचा स्वभाव कळायला त्याची हिशोबवही जास्त उपयोगी पडते. आलेली प्रत्येक देणगी, अगदी पेनीपर्यंत, तो लिहून ठेवी. देणाऱ्याचे नाव न छापता दरवर्षी अहवाल निघे. पैसे नसतील तर वस्तू आणायची नाही, हा दंडक होता. मुलग्यांना वयात आल्यावर कुठल्यातरी धंद्यात उमेदवारीला लावून देत, आणि मुली सतराव्या वर्षापर्यंत शिकत. गिरण्या आणि खाणींना मिळणारे स्वस्त मजूर म्युलर शिकवून बिघडवतो, अशी तक्रारही लोकांनी केली. आळशी माणसावर असला आळ कोणी घेत नाही.

म्युलरच्या कामातल्या खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. आईबाप दोघेही वारलेली आणि लग्नाच्या नात्यातून जन्मलेली मुलेच आश्रमात घेतली जात. ज्या मुलाच्या कपाळी समाजाने डाग लावला होता, त्याला तिथे दार बंद होते. दुसरे असे की, ‘मी कुणाकडे मागत नाही’ हे दरवर्षी छापून घरोघर पाठवणे हीसुद्धा एक प्रकारची मागणीच, असे टीकाकार तेव्हाही म्हणत. म्युलरला ही टीका लागत असे. १८४१ च्या अखेरीस पेटी रिकामी होती. अशा वेळी अहवाल काढला तर लोक त्याला हाकाटी समजतील, म्हणून त्याने वार्षिक सभा आणि अहवाल दोन्ही पुढे ढकलले. टीका पूर्णपणे खोटी ठरत नाही, पण या माणसाने ती स्वतःवर लावून पाहिली होती एवढे मान्य करावेच लागते.

गंमत म्हणजे त्याच १८४१ साली अटलांटिकच्या पलीकडे बोस्टनमध्ये राल्फ वाल्डो इमर्सनचा आत्मनिर्भरतेवरचा प्रसिद्ध निबंध छापला गेला. इमर्सन आधी पाळक होता. १८३२ मध्ये त्याने ते काम सोडले. एखादी विशिष्ट वस्तू मिळावी म्हणून केलेली प्रार्थना त्याला हीन वाटे. शेतातले तण काढायला गुडघे टेकलेला शेतकरी ही त्याच्या लेखी खरी प्रार्थना. इमर्सनने म्युलरची कोळशाची आणि दुधाची प्रार्थना ऐकली असती तर नाक मुरडले असते. पण आश्रमात कोळसा संपला की थंडीत मुले कुडकुडतात, आणि त्या मुलांची जबाबदारी म्युलरने घेतली होती. निबंधात एकट्या माणसाचा स्वाभिमान असतो. आश्रमात शंभर तोंडे असतात. ही तुलना वाचताना इमर्सनपेक्षा म्युलरकडे मन झुकते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण देवावर टाकण्याचा एक काळा भागही इंग्लंडात त्याच शतकात दिसला. १८३८ च्या सुमारास एसेक्स परगण्यात जेम्स बॅनयार्ड याने ‘पिक्युलिअर पीपल’ नावाचा पंथ उभा केला. आजाऱ्याला फक्त प्रार्थना आणि तेलाचा अभिषेक, डॉक्टर आणि औषध वर्ज्य, असा त्यांचा नेम होता. १८६८ मध्ये वॅगस्टाफ नावाच्या जोडप्याचे मूल औषधाविना गेले. श्रद्धा प्रामाणिक होती म्हणून ज्यूरीने आईबापांना सोडले. त्याच साली संसदेने कायदा केला की, मुलाला औषधपाणी न देणारा पालक गुन्हेगार ठरेल, आणि पुढे त्या कायद्याखाली शिक्षा झाल्या. म्युलर आणि हे पंथीय दोघेही देवावर भरवसा ठेवणारे, पण म्युलर उपाशी मुलाच्या ताटात भाकरी पडेपर्यंत धडपडला आणि या लोकांनी दाराशी असलेल्या वैद्याला परत धाडले. स्वतःचा जीव देवावर सोपवणे एकवेळ समजते. लेकराच्या जिवावर स्वतःचा विश्वास पारखून पाहणे हे दुसरेच काही आहे.

हा सगळा विचार महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या प्रमाणावर जगून पाहिला तो पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून शिकायचा नव्हता. १८५८ मध्ये जन्मलेल्या या मुलीने आईबाप दुष्काळाच्या काळातच गमावले. भावाबरोबर शेकडो कोस पायी हिंडत ती कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे लग्न, वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, मग अमेरिका. विधवांसाठी शाळा काढायची या संकल्पासाठी बोस्टनमध्ये १८८७ साली ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंच्या डोक्यात तेव्हा एक रोखठोक हिशोब चालला होता. दहा वर्षांची मुदत १८९८ च्या सुमारास संपणार. पुढे काय? त्यांनी पुणे–दौंड लोहमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणायच्या, फळबाग लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, अशी ती योजना होती. अमेरिकेचा पैसा थांबला तरी आपल्या पायावर उभे राहायचे. स्वावलंबनाचा याहून चांगला आराखडा त्या काळी कुणा संस्थेने केला असेल असे वाटत नाही.

तो आराखडा दुष्काळाने उधळला. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे किड्यामुंगीसारखी मरू लागली. रमाबाई तिकडे गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. अमेरिकेचे वचन शारदा सदनातल्या उच्चवर्णीय विधवांसाठी होते. या कुठल्याकुठल्या जातींच्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली त्या हिशोबात बसतच नव्हत्या. त्यात पुण्यात प्लेग आला आणि शहरात नव्या मुली ठेवता येईनात. मग सगळा लोंढा केडगावच्या माळावर, झोपड्या आणि राहुट्यांत. बाग अजून फळाला यायची होती. याच काळात रमाबाईंनी म्युलर, टेलर आणि पॅसिफिक बेटांत काम करणारा जॉन पेटन यांची चरित्रे वाचली होती. या तिघांनी परमुलखात देवाच्या भरवशावर कामे उभी केली, मग हिंदुस्थानात तसे का होऊ नये, असा प्रश्न आपल्याला पडला होता, हे त्यांनी १९०७ मध्ये आपल्या साक्षीच्या पुस्तकात लिहिले आहे. केडगावच्या वसाहतीचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवले. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

दोन हजार माणसांना दोन वेळा जेवू घालणे म्हणजे काय, हे लग्नाची पंगत उठवलेल्या कुणालाही सांगायला नको. प्रार्थना होत होत्या, भरपूर होत होत्या. १९०५ मध्ये तर मुक्तीत असे धार्मिक जागरण झाले की त्याची वार्ता जगभर गेली. पण पहाट झाली की नांगर, गोठा, विहीर, माग, तेलाचा घाणा, शिवण आणि स्वयंपाक सुरू व्हायचा, आणि हे सगळे मुली आणि बायकाच करायच्या. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतची कामे त्यांच्याच हातची. आंधळ्यांसाठी बर्तिमी सदन निघाले, तिथे ब्रेल लिपी शिकवली गेली. समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. म्युलरने ज्यांना दार बंद ठेवले, त्यांच्या आयांना रमाबाईंनी घरात घेतले. गुरूपेक्षा शिष्या इथे निश्चितच पुढे गेली.

परदेशी पैसा बंद झाला नाही, हेही खरे. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी बनली, आणि मुक्तीतून निघणारी पत्रे देशोदेशींच्या स्नेह्यांकडे जात राहिली. देवावर विसंबणे म्हणजे शेवटी दात्यांवर विसंबणे, असे कोणी म्हटले तर त्याचे तोंड बंद करता येणार नाही. रमाबाईंचे उत्तर मात्र त्यांच्या वागण्यात दिसते. पैसा आहे तेवढ्याच मुली घ्यायच्या, हे गणित दुष्काळात त्यांनी बाजूला ठेवले. मुलगी आधी, पैसा मागाहून. ज्या संस्थेला फक्त स्वतःच्या बागेच्या उत्पन्नावर जगायचे असते, तिला हा क्रम परवडत नाही.

हाच प्रश्न शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, पुऱ्या ख्रिस्ती समाजाला पडला होता. १८३१ पासून तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू होते. बोस्टनच्या मुख्य कचेरीचे सचिव रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये पाहणीला आले. त्यांचे म्हणणे असे की, मंडळीने आपला पाळक आपणच पोसावा, आपला कारभार आपण चालवावा आणि आपला प्रसारही आपणच करावा. परदेशी साहेबाने कायमचे बसून राहू नये. त्याच सुमारास तिथे मराठी पाळकांना दीक्षा मिळू लागली. तत्त्व उत्तम होते, पण मंडळीतले बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतले, गावकीच्या कामावर जगणारे, दोन सुगींमध्ये जेमतेम निभावणारे. पाळकाला द्यायचे ते बहुधा धान्याच्या रूपात. पाऊस गेला की पाळकही उपाशी. बोस्टनच्या टेबलावर स्वावलंबनाचा अर्थ वेगळा होता आणि नेवाशाच्या खळ्यावर वेगळा.

नारायण वामन टिळकांना मिशनचा पगार सलू लागला तो वेगळ्या कारणाने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला परक्याच्या पैशावर चालणारा ख्रिस्ती धर्म इथल्या मातीत रुजणार नाही असे वाटे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ काढला. पोटापाण्याचे काय, तर देव बघेल. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते वारले.

देव बघेल, असे घरातला कर्ता म्हणतो तेव्हा डबे कोण चाचपते, हा प्रश्न म्युलरच्या आणि टेलरच्या चरित्रांत फारसा येत नाही. म्युलरची बायको मेरी हिने नवऱ्याच्या बरोबरीने पगारावर पाणी सोडले, पण तिच्या मनात काय चालले होते हे आपल्याला तिच्या शब्दांत वाचायला मिळत नाही. मराठीत ते मिळते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते ३६ च्या दरम्यान प्रसिद्ध झाली. हातात आलेला पैसा सहज दुसऱ्याच्या हातात देणारा नवरा, रिकामे होणारे घर, पाहुण्यांची रीघ, आणि त्या सगळ्यात रडता रडता हसणारी बाई त्यात आहे. देवावर विसंबून राहण्याविषयी पुष्कळ उपदेश छापले गेले आहेत. ते वाचण्याआधी ‘स्मृतिचित्रे’ वाचावी, आणि पूर्वी वाचली असेल तर या वेळी टिळकांवर नजर न ठेवता लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरावर ठेवून वाचावी.